पोकळी कुणाची, आईची की तुझी?

हे पत्र फोंड्याकडच्या एका मुलीचं आहे. वय २७. दिवसा पतसंस्थेत नोकरी करते आणि रात्री जेवणं आटोपली की पडवीत कॅनव्हास लावून बसते. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते:

"ताई, मला माणसं दिसतात तशी काढायची नाहीत, आतून जशी आहेत तशी काढायची आहेत. चतुर्थीनंतर मी आईचं चित्र काढायला घेतलं. आई तीस वर्षं जाईच्या कळ्या ओवून देवळासमोर विकते. चित्रात मी तिचे हात खूप मोठे केले, बोटांना मुळं फुटलेली दाखवली, पाय काढलेच नाहीत आणि पोटाच्या जागी आरपार दिसणारी पोकळी ठेवली. तिने सगळं आम्हांला दिलं, तिच्यासाठी काही उरलं नाही, असं मला म्हणायचं होतं. आईने चित्र पाहिलं, बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'हांव अशी दिसतां?' तेव्हापासून ती पडवीत फिरकलेली नाही. मामा म्हणतात, आईला विद्रूप केलंस. शनिवारी ज्या सरांकडे शिकते ते म्हणतात, हातांचं प्रमाण चुकलंय, आधी शरीररचना शीक. दोन महिन्यांनी पणजीत आमच्या गटाचं प्रदर्शन आहे आणि मला हेच चित्र लावायचं आहे. माझं चुकलं का? आणि माणूस आतून कसा आहे हे कळतं तरी कसं?"

प्रिय मुली,

चित्राचा फोटो सोबत पाठवलास हे फार बरं केलंस. नुसतं पत्र वाचून मी तुला काहीतरी गुळमुळीत समजूत घालणारं लिहिलं असतं. फोटो मी मोठा करून दोन दिवस पाहते आहे. आधी त्यातलं सगळ्यांत चांगलं काय ते सांगते, कारण ते तुला कुणीच सांगितलेलं दिसत नाही. उजव्या हाताचा आंगठा. नखाच्या खाली आतल्या बाजूला तू एक खाच काढली आहेस, केळीच्या सोपाचा दोरा वर्षानुवर्षं ओढून पडलेली. त्या खाचेतला रंग बाकीच्या कातडीपेक्षा फिका आणि गुळगुळीत आहे. आंगठा किंचित बाहेर वळला आहे, दोरा हातात नसतानाही दोरा धरल्यासारखा. त्या बोटभर जागेत मला तुझी आई भेटली. पोकळीत नाही भेटली.

आता पोकळीबद्दल बोलू, कारण सगळं दुखणं तिथेच आहे.

आंगठ्यावरची खाच तू पाहिलीस. लहानपणापासून पाहत आलीस, म्हणून ब्रश आपोआप तिथे गेला. पोट पोकळ आहे हे तू कुठे पाहिलंस? ते तू ठरवलंस. "आईने सगळं दिलं, तिच्याकडे काही उरलं नाही" हे वाक्य आधी मनात तयार झालं आणि मग त्याला शोभेल असं चित्र तिच्या अंगावर चिकटवलंस. बोटांची मुळंही तशीच आलेली. कष्टकरी बाई म्हटलं की मुळं, झाड, माती, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तयारच असतं, त्यासाठी आईकडे बघावंही लागत नाही. आई चित्रापुढे गप्प राहिली ती सुंदर दिसत नाही म्हणून, असं मला वाटत नाही. तीस वर्षं जिने घर चालवलं तिला स्वतःच्या मुलीकडून कळलं की ती आतून रिकामी आहे. मी तिच्या जागी असते तर मलाही लागलं असतं.

तुला सांगते, मी हे केलं आहे. माझी एक मावशी होती, तरुणपणीच विधवा झालेली, माहेरीच राहिलेली. चार माणसांत बोलायची नाही. तिशीत असताना मी तिचं मोठं तैलचित्र केलं आणि चेहऱ्यावर तोंडच काढलं नाही. नाकाखाली नुसती सपाट कातडी. प्रदर्शनात लोक त्याच चित्रापुढे थांबत होते, पाठ थोपटत होते, आणि मला वाटलं मी मावशीची व्यथा जगापुढे मांडली. मावशी आली, पदर तोंडाला लावून दोन मिनिटं उभी राहिली आणि काही न बोलता गेली. पुढचं वर्षभर आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. त्यानंतरच्या मे महिन्यात मी आजोळी गेले होते. दुपारी सगळे झोपलेले. मागच्या दारी मावशी भाजलेल्या काजूच्या बिया फोडत बसली होती आणि हलक्या आवाजात ओव्या म्हणत होती. एकामागून एक, न अडखळता. बी फुटल्याचा टक् आवाज तिचा ताल सांभाळत होता. खांदे सैल होते, मान डोलत होती. मी दाराआड अर्धा तास उभी होते. जिला मी तोंड नाकारलं होतं तिच्याकडे गाण्यांचं कोठार होतं, फक्त ते चार माणसांत उघडत नव्हतं. ते चित्र मी नंतर कुठेच लावलं नाही. बोलत नव्हते ती मी होते. तिच्याशी बसून बोलायचा धीर मला कधी झाला नव्हता, आणि तो माझा गप्पपणा मी तिच्या चेहऱ्यावर थापला होता.

म्हणून विचारते. तुझ्या चित्रातली पोकळी कुणाची? तू लिहितेस, पतसंस्थेतून घरी येतेस तेव्हा आई ओवत बसलेली असते, आणि तिने शिकवलं म्हणून ही नोकरी मिळाली याचं तुला रोज ओझं वाटतं. ही ओळ पत्रात चौथ्या पानावर, अगदी घाईत येऊन गेली आहे. माझ्या मते तुझं चित्र त्या ओळीचं आहे. तसं असेल तर ते वाईट चित्र नाही, फक्त त्यात चुकीचं माणूस बसलं आहे. ती पोकळी स्वतःच्या अंगात काढून बघ.

फ्रीडा काहलो या मेक्सिकोच्या चित्रकर्तीचं नाव तुला माहीत असेलच. १९२५ साली, अठराव्या वर्षी, बस अपघातात तिचा कणा आणि कंबरेची हाडं मोडली. १९४४ सालच्या एका चित्रात तिने स्वतःचं धड मधोमध चिरलेलं दाखवलं आहे. कण्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब, अंगभर खिळे, आणि भोवती आवळलेला, कण्याला आधार देणारा पट्ट्यांचा कॉर्सेट. डोळ्यांत पाणी आहे पण नजर थेट आपल्याकडे. खांब म्हणजे उघड उघड प्रतीक, तरी ते चिकटवलेलं वाटत नाही. कारण तो पोलादी कॉर्सेट त्या काळात ती खरोखर अंगावर घालत होती, आणि ते दुखणं तिचं होतं. आपल्या अंगावर आपण काहीही लिहू शकतो. दुसऱ्याच्या अंगावर लिहायचं तर आधी त्या अंगाने स्वतः काय लिहिलं आहे ते वाचावं लागतं. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं, आतलं कळतं कसं, याचं मला माहीत असलेलं उत्तर एवढंच आहे.

आणि अंग लिहीत असतंच. आपल्याकडे नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. गोठून जाणं, घाम फुटणं, काटा येणं, आवाज फाटणं, थरथरणं, रंग उडणं, डोळे भरणं, भान जाणं. म्हणजे मनात जे उठतं ते कातडीवर येतंच, नुसतं ठरवून आणता येत नाही. जत्रेच्या नाटकात तू पाहिलं असशील. दिवसभर बागायतीत राबणारा माणूस रात्री राजा होऊन उभा राहतो, संवाद पाठ केलेला असतो, हातवारे तालमीतले असतात, पण एखाद्या प्रवेशात त्याच्या गळ्याची शीर खरोखर ताठरते आणि मांडवातलं कुजबुजणं थांबतं. चित्रकाराने त्या शिरेच्या शोधात असावं. चेहरा फसवतो, कारण चेहऱ्याला सवय असते. मान, खांदे, टाचा, बसताना वजन कुठल्या कुल्ल्यावर पडतं, उठताना हात आधी कुठे टेकतो, यांना फसवायची सवय नसते.

केटे कोलविट्झ या जर्मन शिल्पकार बाईचा धाकटा मुलगा पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, बेल्जियममध्ये मारला गेला. त्याचं स्मारक करायचं तिने लगेच मनात घेतलं आणि ते पुरं झालं १९३२ साली. अठरा वर्षं. त्यात मुलगा नाही. फक्त गुडघे टेकलेले आई आणि बाप, दोन वेगळ्या दगडांवर. आई पुढे वाकली आहे. बाप ताठ आहे, दोन्ही हातांनी स्वतःलाच घट्ट आवळून धरलेला, जणू हात सोडले तर तो सांडेल. कुठेही पोकळी नाही, मुळं नाहीत, काही मोठं केलेलं नाही. नुसतं वजन कुठे पडलं आहे ते पाहा, पुरे होतं. त्या बापाचे हात मला फोटोत पाहूनही छातीवर जाणवतात.

पणजीत तर असं एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे आणि आपण बस पकडायच्या घाईत त्याच्या बाजूने जातो. जुन्या सचिवालयाजवळचा अबे फारियांचा, म्हणजे संमोहनासाठी ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या पाद्रींचा पुतळा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली केलेला. पुढच्या रविवारी जा आणि संमोहन वगैरे इतिहास बाजूला ठेवून फक्त दोन शरीरं बघ. फारियांचे दोन्ही हात पुढे पसरलेले, सगळी इच्छाशक्ती त्या हातांत. आणि समोर मागे कलंडणारी बाई, तिच्या अंगातून ती शक्ती निघून चाललेली. पुतळ्याला चक्कर मार, चारही बाजूंनी रेखाटनं कर. एकाचं वजन पुढे आहे, दुसरीचं मागे, आणि मधली मोकळी हवा सगळ्यांत जास्त बोलते. पोकळी दाखवायची तर अशीही दाखवता येते.

आता सर आणि मामा.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हात मोठा केलास ही चूक नाही. चूक ही की तो हात मोठा आहे हे बाकीच्या अंगाला माहीतच नाही. मनगट नेहमीचं, कोपर नेहमीचं, खांदा तर अगदीच निवांत. एवढ्या वजनाचा हात ज्या बाईला आहे तिचा खांदा खाली ओढला जाईल, मानेची त्या बाजूची दोरी ताणेल, दुसरी बाजू तोल सांभाळायला उचलली जाईल. ते तू केलं नाहीस म्हणून हात मोजमाप चुकल्यासारखा दिसतो. एक जागा बदलली की तिचा भार पुढच्या सांध्याला, तिथून त्याच्या पुढच्या सांध्याला द्यायचा, थेट जमिनीपर्यंत. तुझ्या चित्रात पाय नाहीत म्हणून तो भार जाणार तरी कुठे? यासाठी शरीररचना शिकायची. हाडं-स्नायूंची नावं पाठ करायची गरज नाही, पण कुठलं हाड कशावर टेकतं हे हाताला कळलं पाहिजे.

मामांना मात्र माझा निरोप सांग. आपल्या साळगावचा चित्रकार, फ्रान्सिस न्यूटन सोझा, १९२४ चा जन्म. त्याने डोळे कपाळावर नेऊन ठेवले, माना काट्यांनी भरल्या. १९५९ साली काढलेला त्याचा क्रुसावरचा येशू आज लंडनच्या टेट संग्रहात आहे, आणि तो पाहून कुणालाही सुखद वाटत नाही. पण त्या चित्रांत चेहरा, बरगड्या, बोटं, सगळं एकाच काळ्या, टोचणाऱ्या रेषेच्या तावडीत सापडलेलं असतं. एक डोळा वेगळा काढून चिकटवलाय असं कुठे वाटत नाही. विद्रूप म्हणजे रूप बिघडवलेलं आणि विरूप म्हणजे रूप जाणून बदललेलं, यांत हा फरक आहे, मामांनाही तो दाखवला तर कळेल.

आणि शेजारीच दुसरं टोक आहे. चित्रकार आंजेलो द फोन्सेका, गोव्यातल्याच जुव्याचे, जन्म १९०२. शांतिनिकेतनात शिकले, पुढे पुण्यात राहिले, येशूच्या आईला, मरीयेला, साडी नेसवून आपल्या मातीतली बाई केली. त्यांच्या मरीयेचं अंग कुठेही पिळलेलं नाही. सगळं शांत, रेषा सावकाश उतरते, आणि तरी आतलं दिसतं, कारण आत शांतताच आहे. पर्वरीच्या झेवियर सेंटरकडे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे, जमवून पाहून ये. पिळवटल्याशिवाय आतलं दिसत नाही असा एक समज तुझ्या वयात असतो, माझाही होता. तुझी आई कदाचित सोझाच्या रेषेची नसेलच.

आधी स्वतःवर एक गोष्ट करून बघ. मारिया लासनिग नावाची ऑस्ट्रियाची चित्रकार होती, २०१४ साली ९४ वर्षांची होऊन गेली. आरशात दिसतं ते न काढता, आतून अंग जसं जाणवतं तसं ती आयुष्यभर काढत राहिली. जो भाग जाणवला नाही तो चित्रात आलाच नाही तरी तिला चालायचं. नोकरीवरून आलीस की दिवा न लावता दहा मिनिटं डोळे मिटून जमिनीवर बस. कुठला भाग सगळ्यांत जड आहे? कुठला आहे की नाही हेच कळत नाही? मग कोळशाने, मोठ्या कागदावर, जे जाणवलं तेवढंच काढ. छान काढायचं नाही. आठ-दहा दिवस केलंस की पोकळी नेमकी कुठे आहे ते तुझं तुलाच सापडेल. पोटात असेल असं नाही. माझी मानेच्या मागे निघाली होती. (पावसाचे दिवस आहेत, कागद उशाखाली ठेवलास तरी दमट होईल. काढल्याबरोबर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पुसला जाऊ नये म्हणूनचा फवारा, मार आणि कागद सपाट फळीवर मोकळे ठेव. गुंडाळी करून कपाटात ठेवलेली माझी एका पावसाळ्यातली सगळी रेखाटनं बुरशीने गेली.)

प्रदर्शनाचं विचारलंस. हे चित्र या वेळी लावू नकोस. कलेला मर्यादा असावी वगैरे मी म्हणत नाही. ज्या माणसाने घाव सोसून तुला उभं केलं त्याने "मी अशी दिसते?" असं विचारलं आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. ते उत्तर द्यायच्या आधी तेच चित्र अनोळखी लोकांपुढे टांगलं तर आईच्या दृष्टीने ते उत्तरच होईल. तुझ्या गटाला सांग, माझं दुसरं चित्र येईल. दोन महिने पुष्कळ आहेत. स्वतःचं ते पोकळीचं चित्र झालं तर ते लाव, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. जुना कॅनव्हास रंगवून बुजवू मात्र नकोस, तो आंगठा त्यात आहे. भिंतीकडे तोंड करून ठेव.

आईशी बोलताना कला, प्रतीक, अंतरंग असले शब्द काढू नकोस. माफीचं भाषणही नको, तिला अवघडल्यासारखं होईल. तिला फक्त एवढं म्हण की मी तुझे हात नीट पाहिले नव्हते, बसून पाहू का? आणि खरंच बस. दुपारी खुडलेल्या कळ्या उमलायच्या आत ओवायच्या असतात, म्हणजे शनिवार-रविवारी तरी तुला दोनेक तास मिळतील. समोर बसू नकोस, माणूस समोरून बघितला की आवरून बसतो. बाजूला, जरा मागे बस. कागदाकडे न बघता, नजर तिच्या अंगावरून न हलवता पेन्सिल फिरव. पहिले तीनचार दिवस नुसते हात. मग खांदे आणि मान. चेहऱ्याला एवढ्यात हात लावू नकोस. मध्येच ती काही सांगायला लागली तर पेन्सिल थांबवून ऐक, आणि कुठल्या गोष्टीला तिचा दोरा थांबतो ते लक्षात ठेव.

तिला रेखाटनं दाखव, अर्धवट असली तरी. ती म्हणेल, माझं नाक असं नाही, किंवा कळ्या अशा धरत नाहीत, दोन वर एक खाली धरतात. ते दुरुस्त कर. पाय काढायचे की नाही ते मग ठरव. पंधरा दिवस तिच्या बाजूला बसलीस की तुला कळेल ती मांडी घालून बसते की एक पाय दुमडून, कुठला गुडघा धरतो, आणि माळ संपली की उठताना आधी हात कुठे टेकते.

पहिली दहा रेखाटनं झाली की मला पाठव. आंगठ्याचं आधी पाठव.

तुझी,
ताई